'अनकोऑपरेटिव्ह' असं लिहिलेला केसपेपर

पार्श्वभूमी

ही हकीकत मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातली. तिथल्या स्त्रीरोग विभागात मी शिकवते आणि एका युनिटची जबाबदारी माझ्याकडे आहे. पेशंटचं नाव, वय, गाव आणि ओळख पटेल असं बाकीचं सगळं बदललं आहे. त्यांना इथे सुमनताई म्हणते. लिहू का, असं त्यांना विचारलं होतं. "लिहा, पण माझ्या गावचं नाव नको," असं त्या म्हणाल्या.

सुमनताई ३६ वर्षांच्या. घर ऊसतोडीचं. दसरा झाला की नवरा-बायकोचा कोयता कारखान्यावर जातो, पाडव्याच्या आसपास परत येतो. दोन मुलं, धाकटं नऊ वर्षांचं. जूनमध्ये त्या आमच्या ओपीडीत आल्या तेव्हा चार महिन्यांपासून संबंधानंतर रक्त जात होतं आणि दोन पाळ्यांच्या मधेही डाग लागत होता. कारखान्यावर असताना दाखवायला जमलं नाही. एक खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो. गावी परतल्यावर आशाताईंनी त्यांना आमच्याकडे धाडलं.

ही तक्रार घेऊन आलेल्या बाईच्या गर्भपिशवीचं तोंड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला घरी पाठवायचं नसतं. कारण साधंही असू शकतं, सूज असेल किंवा मोडासारखी साधी वाढ असेल. पण पिशवीच्या तोंडाचा कॅन्सरही असाच सुरू होतो आणि सुरुवातीचा आजार सोनोग्राफीत दिसत नाही. हे आमच्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटलाही, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरलाही, पाठ असतं. तरी सुमनताई आमच्याकडून दोनदा न तपासता परत गेल्या.

अडचण काय होती

पहिल्या भेटीच्या केसपेपरवर एकच ओळ होती: पी/एस नॉट पॉसिबल, पेशंट अनकोऑपरेटिव्ह. पी/एस म्हणजे स्पेक्युलम हे उपकरण घालून पिशवीचं तोंड पाहणं. खाली रक्त थांबवायच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या आणि सोनोग्राफीची चिठ्ठी.

त्या दिवशी नेमकं काय झालं ते मी नंतर रेसिडेंटला, सिस्टरांना आणि शेवटी खुद्द सुमनताईंना विचारून जुळवलं. सोमवारची ओपीडी, बाहेर रांग. तपासणीच्या खोलीत दोन टेबलं, मधे पडदा, तोही शेवटपर्यंत न पोचणारा. पायांच्या बाजूला पाच विद्यार्थी उभे. रेसिडेंटने चांगल्या मनानेच "ताई, सैल सोडा" असं सांगितलं. सुमनताईंनी गुडघे जुळवले. पुन्हा सांगितलं, गुडघे आणखी घट्ट झाले. मग मागून कुणीतरी बोललं, "पोरं झाली तेव्हा नाही का लाज वाटली?"

हे वाक्य महाराष्ट्रातल्या कितीतरी लेबर रूममध्ये भिंतींना पाठ झालेलं आहे. त्यानंतर सुमनताई काहीच बोलल्या नाहीत. उठल्या, लुगडं नीट केलं आणि बाहेर गेल्या. रेसिडेंटच्या लेखी प्रकरण तिथे संपलं. पुढचा पेशंट टेबलावर आला.

जुलैअखेर त्या परत आल्या. रक्त थांबलं नव्हतं. या वेळी रेसिडेंट दुसरी होती. तिने आधीची ओळ वाचली आणि पुस्तकात लिहिलेला रास्त मार्ग सुचवला: थोडी भूल देऊन ऑपरेशन थिएटरमध्ये तपासू, तुम्हाला काही कळणारसुद्धा नाही. शेवटचं वाक्य धीर द्यायला म्हटलेलं होतं. सुमनताईंनी केसपेपर उचलला आणि त्या सोनोग्राफीच्या रांगेतही न थांबता निघून गेल्या.

ऑगस्टअखेर आशाताई त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. त्या दिवशी मी स्वतः ओपीडीत होते. केसपेपरवर आता ती ओळ दोनदा होती, दुसऱ्या वेळी 'रिफ्यूज्ड' हा शब्द वाढलेला. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो घरच्या मारहाणीचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं होतं. तपासणीला घाबरणारी बाई दिसली की आम्हा शिकलेल्या लोकांची बोटं लगेच घराकडे वळतात. मी तिथेच, आशाताईंसमोर विचारलं, "घरी काही त्रास आहे का?"

"काही नाही मॅडम," एवढंच उत्तर आलं.

त्याच गावात राहणारी, सासूच्या ओळखीची बाई शेजारी बसलेली असताना दुसरं उत्तर यायचं कसं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की असा प्रश्न एकांतातच विचारायचा. ते पान मी स्वतः वर्गात शिकवलेलं आहे.

कोणते पर्याय समोर होते

दसऱ्याला दीड महिना उरला होता आणि मुकादमाची उचल घेऊन झाली होती. एकदा टोळी निघाली की सुमनताई पाडव्यापर्यंत हाताला लागणार नव्हत्या. हे धरूनच विचार करायचा होता.

पहिला पर्याय भुलेखाली तपासणीचा. वैद्यकीय दृष्ट्या तो चुकीचा नाही, काही बायकांना तोच हवा असतो. पण 'भूल' हा शब्द ऐकूनच त्या निघून गेल्या होत्या आणि ते का, हे आम्हाला माहीत नव्हतं. दुसरा, योनीतून स्वतःच घ्यायच्या नमुन्यावर एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी. चाचणी म्हणून ही सोय मोठी आहे, जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करते. मात्र ती तक्रार नसलेल्या बायकांसाठी. रक्त जात असताना तिच्या भरवशावर राहता येत नाही आणि आमच्याकडे ती उपलब्धही नव्हती. तिसरा, आशाताईंनी आणि मी मिळून 'समजूत घालून' त्याच दिवशी तपासणी उरकणं. आमच्याकडे हे सर्रास होतं आणि त्याला आम्ही समुपदेशन म्हणतो. चौथा, त्या दिवशी तपासायचंच नाही. बोलायचं आणि पुढची वेळ ठरवायची.

चौथ्यात धोका होता. त्या परत आल्या नाहीत तर? माझी सहकारी हेच म्हणाली आणि तिचं म्हणणं फेकून देण्यासारखं नव्हतं. संशयित कॅन्सरच्या पेशंटला हातात आलेली असताना सोडायचं? माझं उत्तर असं होतं की त्या आतापर्यंत दोनदा हातात आल्या होत्या आणि दोन्ही वेळा आम्हीच त्यांना घालवलं होतं. तिसऱ्यांदा जबरदस्ती झाली असती तर चौथी भेट कुठल्याच दवाखान्यात झाली नसती.

काय केलं

आशाताईंना चहा प्यायला पाठवलं. सुमनताईंना तपासणीच्या खोलीत नेण्याऐवजी आमच्या नोंदवह्यांच्या छोट्या खोलीत नेलं. दोघी खुर्च्यांवर बसलो. मी सांगितलं, "आज तपासणी नाही. आज फक्त बोलू. बोलायचं नसेल तरी चालेल."

आधी काय झालं ते उकरून काढायचं नाही, हे मी ठरवलं होतं. या प्रकरणातला हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. आघाताचं भान ठेवून सेवा द्यायची म्हणजे बाईकडून तिची कहाणी वदवून घ्यायची, असा आमच्याकडे समज आहे. कहाणी कळली नाही तरी काम सुरू करता येतं. फक्त दोन गोष्टी विचारल्या: आधी कधी अशा तपासणीत त्रास झाला होता का, आणि या वेळी मी काय केलं, काय टाळलं तर बरं पडेल?

बराच वेळ त्या पदराचं टोक गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला झोपवू नका. झोपेत काय करतेत ते आपल्याला कळत नाही."

आणि मग आपणहून सांगायला लागल्या. नऊ वर्षांपूर्वी, धाकट्याच्या बाळंतपणात, एका दवाखान्यात कळा देताना त्या ओरडल्या म्हणून मांडीवर चापट्या बसल्या. पोटावर जोर देऊन दाबलं. टाके घालताना बधिर झालं नव्हतं, तसं सांगितलं तर 'पोरं झाली तेव्हा नाही का लाज वाटली' हे ऐकवलं. गुंगीत असताना आणखी काहीतरी केलं. दोन महिन्यांनी उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी तपासलं तेव्हा कळलं की आत तांबी आहे. कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. आमच्या खोलीत मागून आलेलं वाक्य शब्दाला शब्द तेच होतं. त्याच क्षणी आपण नऊ वर्षं मागे गेलो, असं त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं: "मला वाटलं मी तिथंच हाये."

घरच्या त्रासाचं मी एकांतात पुन्हा विचारलं. "तो तसा नाही मॅडम. तो बाहेर बाकावर बसलाय, मला काय झालंय म्हणून त्यालाच झोप नाही." माझा पहिला अंदाज चुकीचा होता. आघात आमच्याच पेशातल्या लोकांनी केलेला होता आणि आम्ही घराकडे बोट दाखवत होतो.

त्या बोलत असताना मी काही मोठं केलं नाही. "तुमच्यावर अन्याय झाला, न विचारता कुणी काही करायला नको होतं," एवढं म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत ऐकून घेणं, गरज विचारणं, म्हणणं मान्य करणं, सुरक्षितता वाढवणं आणि आधाराची जोड देणं अशा पाच पायऱ्या आहेत. तिसरी पायरी डॉक्टरांना सगळ्यात जड जाते, कारण ती चढताना दुसऱ्या डॉक्टरला चुकीचं म्हणावं लागतं.

मग दोघींनी मिळून तपासणी ठरवली. बुधवारी दुपारी, ओपीडी संपल्यावर. विद्यार्थी नाहीत. खोलीत मी आणि त्यांना आवडलेल्या एक सिस्टर. नवरा दाराबाहेर. हात वर केला की थांबायचं, कारण विचारायचं नाही. पाय रिकिबीत अडकवायचे नाहीत. पाठीवर झोपायचं नसेल तर कुशीवर वळूनही तपासता येतं, सिम्सचं स्पेक्युलम मुळात त्यासाठीच आहे. स्पेक्युलम सगळ्यात लहान, कोमट पाण्यात धरलेलं. आणि हवं असेल तर ते त्या स्वतः आत सरकवतील.

या शेवटच्या गोष्टीवर त्या पहिल्यांदा हसल्या. "मी?"

बुधवारी त्या आल्या. वेळेच्या आधी आल्या. स्पेक्युलम हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. कुशीवर वळल्या. प्रत्येक पावलाआधी मी काय करणार ते सांगत गेले आणि होकार येईपर्यंत थांबले. एकदा हात वर झाला. मी थांबले, बाजूला झाले, स्टुलावर बसले. दोन-तीन मिनिटं गेली. "करा आता," त्या म्हणाल्या आणि स्पेक्युलम स्वतः पुढे घेतलं. सगळं मिळून २५ मिनिटं लागली. एरवी या तपासणीला आम्ही पाच मिनिटंही देत नाही.

ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबल्यावर पिशवीच्या तोंडावर दाट पांढरा पट्टा उमटला, कडा ठळक. पेशी बदलत असल्याची ही खूण. पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून तपासणी झाली आणि बदल गंभीर, वरच्या दर्जाचा वाटला. विजेच्या तारेने तेवढाच भाग काढून टाकायचा, म्हणजे 'लीप' करायचं ठरलं. सुमनताईंचा पहिला प्रश्न होता, "पिशवी काढणार का?" हा प्रश्न कुठून येतो ते मराठवाड्यात सांगावं लागत नाही. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. सुमनताईंची जाऊ त्यांच्यापैकीच एक.

म्हणून संमतिपत्राच्या छापील फॉर्मसोबत मी एका कोऱ्या कागदावर मराठीत दोन रकाने लिहिले. काय करणार: जागा बधिर करण्याचं इंजेक्शन, आजारी भाग काढणं, तुकडा तपासणीला पाठवणं. काय करणार नाही: झोपवणार नाही, पिशवी काढणार नाही, तांबी बसवणार नाही, नसबंदी करणार नाही. खाली माझी सही. प्रत त्यांच्याकडे. 'काय करणार नाही' हा रकाना कुठल्याच संमतिपत्रात नसतो. तो असायला हवा, असं मला आता वाटतं.

सप्टेंबरअखेर लीप झालं. त्या जाग्या होत्या, सिस्टरांशी मुलांच्या शाळेबद्दल बोलत होत्या.

शिकवण्याचं काम

विभागात हे प्रकरण मी सुमनताईंच्या परवानगीने मांडलं. पहिली प्रतिक्रिया बचावाची होती: रोज एवढे पेशंट, प्रत्येकीला २५ मिनिटं कुठून आणायची? प्रश्न खरा आहे. पण सुमनताईंवर पहिल्या दोन भेटींत आम्ही घालवलेला वेळ पूर्ण वाया गेला होता, हेही खरं होतं. शिवाय प्रत्येकीला एवढा वेळ लागत नाही. दार बंद करणं, कोण हजर आहे ते सांगणं, विद्यार्थ्यांसाठी परवानगी मागणं आणि 'थांबा म्हटलं की थांबेन' हे वाक्य यांना मिनिटभर पुरतं. बाईच्या मनात काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून ते सगळ्यांसाठीच करायचं.

आमच्या शिक्षणात याला जागा नाही असं म्हणता येणार नाही. २०१९ पासूनच्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये लैंगिक हिंसेनंतरच्या वैद्यकीय तपासणीची मार्गदर्शिका काढली, त्यात संमती टप्प्याटप्प्यावर घ्यायची आणि बाईला कुठलाही टप्पा नाकारता येतो, हे आहे. बलात्कारपीडितेच्या दोन बोटांच्या चाचणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये खडसावलं, दुसऱ्या वेळी वैद्यकीय अभ्यासक्रमच तपासायला सांगितला. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'सेहत' संस्था आणि महापालिकेने मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं. रुग्णालयाचे कर्मचारीच हिंसेला तोंड देणाऱ्या बाईला आधार देऊ शकतात, हे तिथे दिसलं. औरंगाबाद आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही डॉक्टरांच्या अशा प्रशिक्षणाचं काम झालं आहे. ज्ञान आहे. ते सोमवारच्या ओपीडीत पोचत नाही, कारण रेसिडेंट वर्गातलं व्याख्यान ऐकून शिकत नाही, सीनियर टेबलाशी कशी वागते ते पाहून शिकते.

म्हणून व्याख्यान ठेवलं नाही. एका शनिवारी दुपारी सगळे तपासणीच्या खोलीत जमलो: प्राध्यापक, रेसिडेंट, सिस्टर, मावशी. प्रत्येकाने पूर्ण कपड्यांत त्या टेबलावर आडवं व्हायचं, पाय रिकिबीत, दार अर्धं उघडं, पायांकडे दोन जण आपसात बोलत उभे. दोन मिनिटं. मीही झोपले. छतावरचा ओलीचा डाग आणि दारातून दिसणारी रांग एवढंच दिसतं, आणि पायांशी काय चाललंय ते दिसत नाही. वीस वर्षं या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले, ही बाजू मला ठाऊक नव्हती. एक मावशी झोपायला तयार झाल्या नाहीत. कुणी आग्रह केला नाही, आणि त्या दिवसाचा तोच सगळ्यात चांगला धडा ठरला.

नंतर वाक्यं बदलायला बसलो. 'सैल सोडा' ऐवजी 'श्वास हळू सोडा, कंबर टेबलावर जड होऊ द्या'. 'झालंच आता' ऐवजी 'अजून मिनिटभर लागेल, चालेल का?' पहिल्या भेटीतली रेसिडेंट तिथे रडली. तिला मी नंतर वेगळं भेटले. लेबर रूममध्ये पहिल्या महिन्यात तिलाही सीनियरने सगळ्यांसमोर तसंच झापलं होतं. तिच्यासाठी आमच्याकडे कुठली खोली होती?

केसपेपरचा नियम बदलला. 'अनकोऑपरेटिव्ह' लिहायचं नाही. तपासणी कुठे थांबवली, बाईने काय सांगितलं आणि पुढे काय ठरलं, या तीन गोष्टी लिहायच्या.

काय निष्पन्न झालं

तुकड्याचा अहवाल आला: कॅन्सरच्या अगदी आधीचा, तिसऱ्या दर्जाचा बदल, काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ. आत पसरलेलं काही नाही. जून ते सप्टेंबर आम्ही दवडले आणि तरी वेळेत पोचलो, यात आमचं श्रेय कमी आणि नशीब जास्त आहे. लीपनंतर महिनाभर जड उचलायचं नाही, म्हणजे मोळी नाही. नवऱ्याने मुकादमाशी बोलून एकट्याने जायचं कबूल केलं आणि सुमनताई दिवाळीनंतर मागून गेल्या. त्या दिवसांच्या मजुरीचं नुकसान त्यांनी सोसलं, आम्ही नाही.

एप्रिलमध्ये त्या तपासणीला आल्या. पिशवीचं तोंड छान भरलं होतं. सोबत जावेला आणलं होतं, तिच्या अंगावरून पांढरं जात होतं. दाराशी उभं राहून त्या तिला सांगत होत्या, "थांब म्हणलं की थांबतेत."

प्रशिक्षणाचं मात्र तसं नाही. पडदा आता टोकापर्यंत पोचतो, विद्यार्थ्यांआधी परवानगी विचारली जाते. पण रेसिडेंटची नवी तुकडी आली आणि महिन्याभरात केसपेपरवर तोच शब्द पुन्हा दिसला. रात्रपाळीच्या लेबर रूममध्ये मागून कोण काय बोलतं, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पुन्हा वेळ आली तर

आशाताईंसमोर विचारायचं नाही, हे उघड आहे. दुसऱ्या भेटीनंतर फोन करायला हवा होता. संबंधानंतर रक्त जाणारी बाई न तपासता गेली तर आठवड्याच्या आत आशाताईंमार्फत निरोप जावा, अशी वही आम्ही आता ठेवतो, ती आधीपासून असायला हवी होती. शनिवारची बैठक वर्षातून एकदा पुरत नाही, प्रत्येक तुकडीच्या पहिल्या आठवड्यात व्हायला हवी, आणि लेबर रूमपासून सुरू व्हायला हवी. आम्ही ओपीडीपासून सुरू केली कारण ते सोपं होतं.

आणखी एक राहिलं. त्या पहिल्या दिवशी बोलताना सुमनताईंनी विचारलं होतं, "न विचारता तांबी बसवली, हे कुणाला सांगायचं असतं?" मी तेव्हा 'आता आधी तुमची तब्येत बघू' असं म्हणून विषय पुढे नेला. तो प्रश्न टाळण्यात मी माझ्या पेशाला सांभाळलं. एप्रिलमध्ये मी तो विषय स्वतः काढला, त्यांची माफी मागितली आणि अर्ज कुठे करता येतो ते लिहून दिलं: त्या दवाखान्याचे प्रमुख, जिल्हा आरोग्य अधिकारी, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, राज्य महिला आयोग. जुने कागद शोधायला आणि अर्ज लिहायला आमच्या समाजसेवा अधीक्षक मदत करतील, असंही सांगितलं.

त्यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि दोन रकान्यांच्या त्या जुन्या कागदाबरोबर पिशवीत ठेवला. "बघते," म्हणाल्या.